हाताने रंगवलेला बिल्ला

"हलू नका! आहात तिथेच उभ्या राहा… श्वाससुद्धा जरा बेताने घ्या."

ती जागच्या जागी थिजली. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि आतल्या पायात अडकलेली एक जाडजूड काळी तार. क्षणापूर्वी त्या एवढ्याशा खोलीत पंख्यांची एकसुरी घरघर चालली होती. आता इतकी शांतता पसरली होती की खिडकीवरच्या पत्र्यावर टपटपणारं पाणी ऐकू येत होतं.

ऑफिसातला तिचा पहिलाच दिवस. लॉगिन मिळेना म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, "वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला जा. राखणदाराला भेट." ती गेली होती, दारावर हलकेच टकटक केली होती, आतून उत्तर येईना म्हणून बिचकत पाऊल टाकलं होतं… आणि हे.

लोखंडी कपाटामागून आधी एक हात आला. मग विस्कटलेले केस. मग दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर, आणि त्याच्या वर दोन डोळे, हसू दाबून धरलेले.

"काही तुटलं का हो?" तिने विचारलं. तिचा आवाज मुळातच लहान. आता तर तो ओठांवरच राहिला.

त्याने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "छे, तुटलं काही नाही. बंद पडलं."

"काय बंद पडलं?"

"कंपनी."

खालच्या मजल्यावरून तेवढ्यात गलका उठला. "अरे, पान उघडत नाहीये!" "माझं सेव्ह व्हायचं होतं रे!" "राखणदाऽऽर!"

तिचं तोंड एवढंसं झालं. तो गुडघ्यांवर बसला, आणि तिच्या पायाला बोटाचाही स्पर्श होणार नाही अशा बेताने त्याने तारेचा वेढा सोडवला. प्लग पुन्हा लावला. कपाटात बारीक दिवे उमटले. आधी लाल, मग पिवळे.

"आता बघा, हळूहळू हिरवं होईल. सकाळी उठायला वेळ लागतो त्याला. माझ्यासारखंच आहे."

मग जिन्याशी जाऊन तो खाली ओरडला, "काही नाही! वादळ आलं होतं, गेलं!"

"पण वादळ कुठे…" ती म्हणाली.

"अहो, पहिल्याच दिवशी तुमचं नाव कशाला खराब?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते मनापासून केलं होतं, हे तिला दिसत होतं. तरीही ती जिना उतरून खाली गेली, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "माफ करा. ते वादळ म्हणजे मीच. माझा पाय तारेत अडकला."

मग अख्खं ऑफिस खो खो हसलं. त्या दिवसापासून, कधी कुणावर आवाज न चढवणाऱ्या त्या मुलीचं नाव पडलं— वादळ.

वर जिन्याच्या कठड्याला टेकून राखणदार हे ऐकत होता. तो मात्र हसला नाही. पाहतच राहिला.

* * *

कंपनी लहानशी होती. रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहायची. कुठली खाट रिकामी, कुणाचं औषध कधी, असं सगळं. रुग्णांची माहिती परक्या ठिकाणी ठेवायची नाही म्हणून सगळा कोड ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवर होता, वरच्या त्या खोलीत. तो सांभाळायचा म्हणून तो राखणदार.

प्रत्येक प्रोग्रामचं त्या सर्व्हरवर एक घर होतं. रेपो म्हणायचे सगळे त्याला. घराच्या दारावर पाटी असावी तसं रेपोचं पहिलं पान: हा प्रोग्राम काय करतो, कसा चालवायचा. ती पानं नीट, कुणालाही समजतील अशी लिहायची, यासाठी तिला घेतलं होतं. तात्पुरतं. कायमचं करायचं की नाही, ते मॅडम ठरवणार होत्या.

मॅडम म्हणजे मालकीण. बोलायच्या थोडं, पण बोलल्या की कागदावर शिक्का मारल्यासारखं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला बोलावलं.

"प्रत्येक रेपोच्या पानावर स्टेटस बॅज हवा. रुग्णालयाची माणसं बघायला येणार आहेत. त्यांना कोड कळत नाही, रंग कळतात. त्या दिवशी सगळे हिरवे दिसले, तर तुझी कायमची ऑर्डर माझ्या सहीने तुझ्या टेबलावर येईल."

ती "हो" म्हणाली, आणि बॅज कसा लावतात ते विचारायला पुन्हा वर गेली. या वेळी खाली बघत, तारा चुकवत.

"बिल्ला हो, बिल्ला," राखणदार म्हणाला. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि स्वतः उपड्या खोक्यावर बसला. "शाळेत मॉनिटरच्या छातीवर असायचा ना, तसा. डावीकडे नाव, उजवीकडे हाल. आपला प्रत्येक प्रोग्राम नीट चालतो का, हे बघायला चाचण्या असतात. म्हणजे प्रोग्रामला प्रश्न विचारणारा दुसरा प्रोग्राम. सगळ्या पास झाल्या की बिल्ला हिरवा. एक जरी नापास झाली, तरी लाल."

"नव्व्याण्णव पास आणि एकच नापास… तरी लालच?"

"तरी लालच. याला दयामाया नाही."

"मला आवडला," ती म्हणाली.

तो थबकला. "कोण?"

"बिल्ला," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. चाचणी न घेताच.

मग त्याने तिला दाखवलं: पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहायची. तिच्यात दोन पत्ते. पहिला पत्ता चित्राचा, हिरवं की लाल ते सर्व्हरकडून आणणारा. दुसरा, बिल्ल्यावर बोट ठेवलं की कुठे जायचं त्याचा. "म्हणजे कुणाला शंका आली तर त्याने बिल्ल्यावर टिचकी मारावी, थेट चाचण्यांच्या निकालावर पोचावं. कुठली चाचणी, काय उत्तर हवं होतं, काय मिळालं… सगळं उघडं."

"आणि पिवळा?"

"चाचणी चालू आहे. थांबा."

"करडा?"

"माहीत नाही. अजून कुणी विचारलंच नाही." हे सांगताना तो का कोण जाणे, खिडकीकडे बघत होता.

* * *

एके दुपारी तिच्या पडद्यावर एक नवाच रेपो उगवला. नाव: कोपरा. त्यात प्रोग्राम नव्हता, काही नव्हतं. फक्त एक बिल्ला.

*चहा | तयार*. हिरवा.

ती वर गेली. खरंच दोन कप तयार होते, एकावर बशी झाकलेली.

"असे कसेही बिल्ले करता येतात?" तिने विचारलं.

"येतात की. हाताने. डावीकडे हवं ते लिहा, उजवीकडे हवं ते लिहा, रंग आपल्या मर्जीचा. सर्व्हर काही विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यात हळूच एक ठेवला. *पाऊस | थांबेना*. पिवळा. थोड्या वेळाने त्याखाली आला, *छत्री | एकच आहे*. करडा. आणि संध्याकाळी फाटकापासून बसच्या थांब्यापर्यंत ते दोघं त्या एका छत्रीखालून गेले. छत्री एवढी तिच्या बाजूला झुकलेली, की थांब्यावर पोचेपर्यंत त्याचा अर्धा सदरा ओलाचिंब.

"तुम्ही भिजलात," ती म्हणाली.

"अर्धाच. नापास म्हणता येणार नाही."

मग रोजचंच झालं. *राखणदार | भुकेला*. *वादळ | आज फार शांत*. *मॅडम | या दिशेने येत आहेत* हा भडक लाल, आणि तो वाचून तिने घाईघाईने पान बंद केलं तेव्हा मॅडम खरोखरच मागे उभ्या होत्या. एकदा त्याने लिहिलं, *तू | हसलीस*.

ती वर जाऊन दारात उभी राहिली. "हे 'तू' कधीपासून?"

"काय करणार… 'तुम्ही' मावतच नाही बिल्ल्यात."

"मावतं. मी मोजून बघितलं."

"मग… बदलू का?"

ती वळली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाली, "राहू दे. तू उगाच त्रास घेऊ नकोस."

वरून खोकं उलथल्याचा आवाज आला.

घरी मावशी होती. तिची आईच ती, जन्म दिला नव्हता एवढंच. ज्या रुग्णालयाची माणसं बघायला येणार होती, गावातल्या त्याच रुग्णालयात परिचारिका. घरात शिरल्या शिरल्या पाय गरम पाण्यात सोडायची आणि म्हणायची, "चिऊ, सांग. आज त्या वरच्या मजल्यावरच्याने काय केलं?"

"मावशी, मी त्याचं नावही काढलेलं नाही."

"तेच तर. सगळ्या ऑफिसचं पुराण सांगतेस, आणि वरचा मजला आला की गप्प. मला काय नाडी बघता येत नाही?"

तिचा, चिऊचा, एक नेम होता, लहानपणापासूनचा. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचा आणि हात जोडून दिवस जसा गेला तसाच सांगायचा. मागायचं काही नाही. वाढवायचं नाही, झाकायचं नाही. कंटाळा आला तरी, ताप असला तरी. सध्या त्या सांगण्यात एक माणूस रोज यायला लागला होता. देवाला काही ते नवीन नसावं. तिला मात्र नवीन होतं.

* * *

बिल्ले एकेक करून लागत गेले. खाटांचा हिरवा. औषधांचा हिरवा. राहता राहिला एक: बेल.

बेल म्हणजे कंपनीचा सगळ्यात नवा प्रोग्राम. रुग्णाने उशाशी असलेलं बटण दाबलं की परिचारिकेच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याची खाट उजळायची. पण त्यातली एक चाचणी नापास होत होती. दोन खाटांवरून एकाच क्षणी बटण दाबलं गेलं, तर पडद्यावर एकच खाट उजळायची. दुसरी हाक कुठेतरी विरून जायची. ज्यांनी तो प्रोग्राम लिहिला ते ऑफिसातले काका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर. दुसऱ्या कुणाला त्यातलं फार कळत नव्हतं.

रुग्णालयाची माणसं उद्या येणार, त्याच्या आदल्या दुपारी ती सर्व्हरच्या खोलीत येऊन बसली. नुसती बशीवर बोट फिरवत राहिली.

"बेलच ना?" त्याने विचारलं.

"सगळ्या हिरव्यांत तो एकच लाल… मॅडम सकाळी म्हणाल्या, 'एवढंही जमत नसेल तर बघावं लागेल.' मावशीचे गुडघे गेलेत रे. मी कायम झाले की तिला नोकरी सोडायला लावणार होते."

तिच्या कपात उरलेला गार चहा ओतून टाकून त्याने नवा दिला.

संध्याकाळी घरी निघायच्या आधी तिने सवयीने बेलचं पान उघडलं… आणि डोळे चोळले.

*बेल | पास*. हिरवा!

कोपऱ्यातही एक नवा होता. *आता | हास बघू*.

ती घरापर्यंत चालत नव्हती, तरंगत होती. मावशीला दारातूनच सांगितलं. मावशीने पाण्यातून पाय काढले, ओल्या पायांनीच उठून तिच्या गालावरून हात फिरवला. "म्हणजे ती बेल आता आमच्याकडे येणार? बरं झालं गं बाई. आमची जुनी फार फसवते. परवाच दोघी म्हाताऱ्या एकदम बटणं दाबत होत्या. एकीचं दिसलं, तिच्याकडे धावले. दुसरी बिचारी दाबतेय, दाबतेय… शेवटी उठायला गेली आणि पडली. तुमच्यात नाही ना असं होत? दोन एकदम वाजल्या तर?"

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

मग तिने दिवा लावला, हात जोडले. दिवस सांगायला लागली: सकाळी असं झालं, दुपारी असं झालं, संध्याकाळी बेल पास झाली… आणि तिथे ती अडखळली. पास झाली? कुणी सांगितलं? बिल्ल्याने. तू बघितलंस? नाही. बिल्ल्यावर टिचकी मारलीस? नाही. मग मावशीला "आता नाही" असं कशाच्या जोरावर म्हणालीस?

दिव्याची ज्योत स्थिर होती. तिचंच मन ठरत नव्हतं.

* * *

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. झाडलोट नुकती झालेली, फरशी ओली. बेलचं पान उघडलं. हिरव्यावर टिचकी मारली.

काही झालं नाही.

पुन्हा मारली. तेच. मग तिने पानाची ओळ उघडून पाहिली. इतके दिवस त्याच ओळी लिहीत होती ती, दोन पत्त्यांच्या. ही ओळ आखूड होती. दुसरा पत्ताच नव्हता. आणि पहिला पत्ता… कोपऱ्यातल्या बिल्ल्यांचा असायचा तसा. हवं ते लिहा, हवा तो रंग.

तिने ती ओळ पुसली आणि खरी, दोन पत्त्यांची ओळ पुन्हा लिहिली. पान क्षणभर पांढरं झालं. मग पडद्याच्या माथ्यावर तो आला. लाल.

राखणदार जिन्यातच भेटला. हातात दोन कप. तिचा चेहरा पाहून त्याने ते पायरीवर ठेवले.

"मी फक्त आजच्यापुरतं केलं होतं," तो म्हणाला. "काका आले की दुरुस्त होणारच आहे ते. चार दिवस आधी हिरवं दिसलं एवढंच. तुझ्यासाठी…"

"माझ्यासाठी केलंस, म्हणूनच जास्त लागलं." तिचा आवाज नेहमीएवढाच लहान होता. "माझी मावशी त्या पडद्यासमोर बसणार आहे. काल मी तिला सांगून आले, दोन हाका आल्या तर दोन्ही दिसतील. तुझ्या हिरव्यावर भरवसा ठेवून सांगितलं रे."

तो खाली बघत राहिला.

"आणि खरं सांगू? जिना चढताना माझ्या मनात भलतंच आलं. तो कोपरा… *तू हसलीस*, *आता हास बघू*… तेही सगळे हातानेच रंगवलेले ना? ज्यावर बोट ठेवलं तर कुठेच जात नाही?"

ती पायरीवरचे कप ओलांडून खाली गेली.

मॅडम आल्या तेव्हा ती त्यांच्या दारात उभी होती. "मॅडम, बेल लाल आहे. काल हिरवी दिसत होती, तो बिल्ला चुकीचा होता. मी आज काढला."

"आज?" मॅडमनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "तासाभरात माणसं येतील. कुणी लावला होता चुकीचा?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि नाव ओठांवर येत नव्हतं.

"मी लावला होता," मागून आवाज आला. राखणदार दारात होता. "तिला माहीतही नव्हतं. तिने पकडला. जे बोलायचं ते मला बोला."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमच्याशी नंतर," त्या त्याला म्हणाल्या. आणि तिला, "चल. आता तोंड देऊ."

रुग्णालयाकडून मेट्रन आल्या होत्या आणि एक हिशेबी चेहऱ्याचे गृहस्थ. हिरव्यांच्या रांगेवरून मेट्रनची नजर फिरत गेली आणि थांबली. "हा एकटाच लाल का?"

मॅडम काही बोलायच्या आत ती म्हणाली, "दोन रुग्णांनी एकदम बटण दाबलं, तर एकाचीच हाक दिसते. अजून दुरुस्त झालेलं नाही." तिने बिल्ल्यावर टिचकी मारली आणि नापास झालेली चाचणी त्यांच्यासमोर उघडी केली.

मेट्रननी ती ओळ सावकाश वाचली. "हं. आमच्या वॉर्डात कधीही दोन हाका येतात." त्या उठल्या. "हे नीट झालं की बोलवा. त्याआधी नको."

म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझ्या ऑर्डरचंही तसंच समज. हे नीट झालं की बघू." आणि केबिनचं दार लावून घेतलं.

* * *

मग सुनेसुने दिवस आले. पाऊस ओसरला होता, छत्रीचं निमित्तही उरलं नव्हतं. मॅडमनी राखणदाराला काय सुनावलं ते कुणाला कळलं नाही. एवढंच कळलं, की ज्या कोडशी त्याचा काही संबंध नव्हता तो बेलचा कोड त्याने समोर घेतला. रजेवरच्या काकांना फोन करायचा, पलीकडून तान्ह्याचं रडणं ऐकू यायचं, आणि काका म्हणायचे, "अरे, दोन हाका एकाच दारातून आत घेतोयस तू. रांग कर, रांग!"

बेलचा बिल्ला पिवळा व्हायचा, लाल व्हायचा. ती आपल्या टेबलावरून बघायची. कोपरा मात्र तिने उघडला नाही. आणि घरी दिव्यापुढे तिला रोज सांगावं लागायचं: आज रागावलेच होते. आज राग कमी होता. आज नव्हताच… तरी वर गेले नाही.

"का गं नाही गेलीस?" मावशीने एकदा विचारलं. दारामागून ऐकत होती ती, आणि ऐकल्याची लाजही नव्हती तिला.

"मला कळत नाही, मावशी, त्याच्या बोलण्यातलं खरं किती आणि मला बरं वाटावं म्हणून किती."

"मग विचार की."

"मी?"

"नाहीतर काय, मी विचारू? मी तर उद्याच विचारेन, माझं काय जातंय!"

दुसऱ्या दिवशी बेल हिरवी झाली. तिने आधी टिचकी मारली. पान उघडलं. *दोन खाटा, एकच क्षण. हव्या होत्या: दोन हाका. मिळाल्या: दोन.* ती ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. मग उठून मॅडमना सांगितलं. मॅडमनी स्वतः टिचकी मारून पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि मेट्रनना फोन लावला. बाहेर जाताना तिच्या कानावर पडलं, "आणि हो, ऑर्डर टाईप करायला घ्या तिची."

जागेवर येऊन बसली, आणि हात आपोआप कोपऱ्याकडे वळला.

जुने सगळे बिल्ले नाहीसे झाले होते. चहा, छत्री, हसू, काही नाही. त्यांच्या जागी एकच.

*राखणदार | नापास*. लाल.

तिने त्यावर टिचकी मारली. पान उघडलं! दुसरा पत्ता होता. खऱ्या चाचण्या होत्या.

*खोटं हिरवं न रंगवता तिच्या बाजूने उभं राहता येतं का? हवं होतं: हो. मिळालं: हो. पास.*

*ती बोलत नसताना दिवस बरा जातो का? हवं होतं: नाही. मिळालं: नाही. पास.*

*तिला सरळ विचारलं का? हवं होतं: हो. मिळालं: नाही. नापास.*

तिला हसू आलं आणि त्याच वेळी समोरचा पडदा धूसर झाला. नव्व्याण्णव पास असोत, एक नापास म्हणजे लालच. याला दयामाया नाही.

ती वर गेली. उंबऱ्यावरची तार ओलांडली. पंखे एका लयीत घरघरत होते. तो खोक्यावर बसला होता, तिच्याकडे पाठ करून, आणि ती आली हे त्याला कळलं होतं. त्याचे लाल झालेले कान सांगत होते.

"तुझी एक चाचणी नापास होतेय," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग बघत काय बसलायस? दुरुस्त कर की."

तो उठला. वळला. स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. शेवटी खिशात ठेवला, तो पडला, तसाच राहू दिला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "खाली जाऊन 'ते वादळ म्हणजे मीच' म्हणालीस, तेव्हापासून. लोकांना बरं वाटावं म्हणून मी फार पांघरुणं घालत आलो. तुझ्याजवळ ते नको वाटतं… माझ्याशी लग्न करशील?"

पत्र्यावर एक चुकार सर आली आणि गेली. त्याने सर्व्हरसमोरचा पडदा तिच्याकडे वळवला. तिथे चौथी चाचणी लिहिलेली होती: *तिचं उत्तर.* समोरची जागा रिकामी.

"ही फक्त तुझ्या लॉगिनने भरता येते. माझ्या हाती नाही ठेवलेली."

तिने खुर्ची ओढली. काहीतरी टाईप केलं, त्याला दिसणार नाही असं वाकून. बिल्ला पिवळा झाला. चाचणी चालू आहे, थांबा.

दोघं शेजारी शेजारी बसले. ती खुर्चीवर, तो खोक्यावर. त्याचा हात सारखा पान ताजं करायच्या बटणाकडे जायला लागला, तेव्हा तिने तो धरला. "होईल तेव्हा होईल." आणि मग सोडायचा राहूनच गेला.

हिरवं उमटलं. पण त्या हिरव्यावर ती भुलली नाही. आधी टिचकी मारली.

*तिला सरळ विचारलं का? हवं होतं: हो. मिळालं: हो. पास.*

*तिचं उत्तर. हवं होतं: जे खरं असेल ते. मिळालं: हो. पास.*

त्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोळे मिटून घेतले.

ती मात्र त्यातल्या एका शब्दसमूहावर अडली होती. "'जे खरं असेल ते'… म्हणजे मी 'नाही' लिहिलं असतं, तरी हा हिरवाच झाला असता?"

"झाला असता."

"आणि तू?"

"मी?" तो हसला. आवाज थोडा ओला होता. "मी जिन्याशी जाऊन खाली ओरडलो असतो… काही नाही, वादळ आलं होतं, गेलं."

तिने त्याचा हात जरा घट्ट धरला.

"आलंय," ती तिच्या त्या लहानशा आवाजात म्हणाली. "जाणार नाहीये. खाली जाऊन तसंच सांग."